काळ्या पानावरची पांढरी अक्षरं

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. सात इंचांचा, एका हातात मावेल एवढाच. माझ्याबद्दलची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मला स्वस्थ बसता येत नाही. आत्ता मी केळव्याच्या एका पानवाडीत, घराच्या पडवीत, तांदळाच्या डब्याला टेकून उभा आहे. समोर बायका खायची पानं लावत बसल्या आहेत. वारा पडलेला आहे, मांजर झोपलेलं आहे, कोणालाही कसली घाई नाही. माझ्या जिवाची मात्र घालमेल चालली आहे. बॅटरी किती उरली? नेट आहे की गेलं? आणि दुपार कलायला लागली तरी मला अजून कोणी हातात का घेत नाही?

हा स्वभाव मला जन्मतःच मिळाला असावा. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक लांबच लांब पट्टा सरकत होता आणि हातमोजे घातलेली माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. कोणी माझी पाठ बसवली, कोणी काच. शेवटी एका मुलीनं बटण दाबून माझा डोळा उघडला, मी जगाकडे बघतो न बघतो तोच तिनं तो बंद केला आणि मला खोक्यात घातलं. तिथे कोणी माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. अशा घाईत जन्मलेल्याकडून तुम्ही शांतपणाची अपेक्षा तरी कशी करणार?

खोकं उघडलं ते बोईसरमध्ये. कुशल नावाचा एक तरुण तिथल्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत असे आणि एका खोलीत जोडीदाराबरोबर राहत असे. त्या जोडीदारानं मला उचलून उलटसुलट करून पाहिलं आणि तो हसला.

"इतना छोटा? ये बड़ा फोन है कि छोटा टीवी?"

"पढ़ने के लिए लिया है," कुशल म्हणाला. "फोन पे आँख दुखती है."

वाचायला! मित्रांनो, माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू. कुशलनं माझ्यात पुस्तकं भरली, त्यांची चित्रं ओळीनं मांडली, आणि पहिले काही दिवस तो पाळी संपवून आला की खरंच वाचत बसे. पण मी नुसता वाचायचा नव्हतो ना. माझ्यात इंटरनेटही होतं. कादंबरीत एखाद्या गावाचं नाव आलं की ते कुठे आहे ते बघायला कुशल बाहेर पडायचा. तिथून हवामान, तिथून क्रिकेट, तिथून मोटरसायकलींच्या किमती. मग कोणीतरी कोणाला तरी केलेली थट्टा, मग कुत्र्याचं पिल्लू. परत येईपर्यंत त्याचे डोळे मिटलेले असत आणि कादंबरीतला माणूस उंबऱ्यावर पाय ठेवून तसाच ताटकळत उभा. मीही त्याच्याबरोबर इतका धावलो की मला एका पानावर थांबणं जमेनासं झालं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची माझ्यात रांग लागली होती आणि तिचं आम्हा दोघांनाही काही वाटत नव्हतं.

मग कुशलनं मोठा फोन घेतला. मला कोणी रागावलं नाही, कोणी फेकलं नाही, नुसतं कपाटात ठेवलं, मोज्यांच्या खाली. कपाटातल्या अंधाराचं एवढं काही नाही. कपाट उघडतं, हात आत येतो, आणि तो हात मोजे शोधत असतो, ते मात्र लागतं. मी तिथे किती काळ होतो ते मला माहीत नाही, कारण माझं घड्याळसुद्धा बंद पडलं होतं.

एके रविवारी हात आला तो माझ्यासाठी. कुशलनं मला पिशवीत घातलं आणि केळव्याला, आपल्या घरी नेलं. का नेलं ते मला पडवीतल्या बोलण्यातून हळूहळू समजलं. तेच आता सांगतो, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते.

कुशलची आई विजयाबाई. नारळी-पोफळींच्या सावलीत त्यांची पानवाडी आहे. सकाळी वेलींवरची पानं खुडायची आणि दुपारी पडवीत बसून ती निवडायची, लावायची, करंडीत भरायची, असं तिथलं काम. पानं लावताना बायकांचे हात गुंततात, कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांसाठी विजयाबाई कितीतरी वर्षं पुस्तक वाचून दाखवत आल्या होत्या. स्वतःच्या वाट्याची पानं पुढ्यात घ्यायच्या, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातानं खायचं पान फिरवायचं, आणि आवाज असा की पोफळीवर चढलेला माणूसही थांबून ऐके.

आणि मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आला. कडेचं दिसे, मधलं पुसलेलं. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता भरून यायचं नाही, पण मोठं, ठळक अक्षर असेल तर वाचता येईल. तेव्हा पडवीत एक जुनी कादंबरी चालू होती. तिचं कव्हर कधीच गेलेलं, अक्षर बारीक. ती होती बर्फाच्या मुलखातली. एका मुलीचा धाकटा भाऊ खाणीत काम करायला लांब गेला आहे, त्याचा निरोप येणं बंद झालं आहे, आणि ती त्याला शोधायला एकटी निघाली आहे. ती मुलगी एका गोठलेल्या नदीच्या काठावर पोचली आणि वाचन थांबलं.

पारूनं, म्हणजे वाडीतल्या सगळ्यांत जुन्या बाईनं, नशिबाला दोष दिला आणि ती गप्प बसली. पण नवसी गप्प बसेना. नवसी डोंगराकडच्या पाड्यातली. तिचं तिकडे पावसाच्या पाण्यावरचं थोडंसं भात. ते कापून झालं की ती केळव्याला कामाला यायची आणि होळीला परत जायची. होळी झाली की शेतात राब भाजायचा, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायची, मग पेरणी, मग लावणी. दिवाळी उलटेपर्यंत ती काही दिसायची नाही. तिचा धाकटा भाऊ जिव्या गुजरातकडे बोटीवर कामाला गेला होता. आधी फोन यायचा, मग तो लागेनासा झाला. त्याच्याबरोबर गेलेले परत आले. ते म्हणाले, जिव्या मधल्याच एका बंदरात दुसऱ्या बोटीवर गेला. त्यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं.

"वयनी, ती पोरगी नदीवर उभी हाय," नवसी रोज म्हणायची. "तिला भाव भेटला का नाय? मी होळीला जायच्या आदी सांग."

कुशलनं एकदा वाचायचा प्रयत्न केला. त्यानं ते बातम्या वाचाव्यात तसं धडाधड वाचलं. बायका पानं लावायची सोडून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यानंच पुस्तक मिटलं. पण पोरगा गुणी. त्यानं पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढले, त्यातली अक्षरं वेगळी करून घेतली, म्हणजे ती हवी तेवढी मोठी करता येतील. आता ती दाखवायची कशावर, एवढाच प्रश्न होता.

त्या रविवारी पडवीत चटईवर आम्ही तिघं शेजारी शेजारी मांडले गेलो. एका बाजूला कुशलनं दुकानातून आणलेला नवा, दहा इंचांचा टॅब. पसंत पडला नाही तर परत द्यायचा, या बोलीवर आलेला. काय त्याची झळाळी! दुसऱ्या बाजूला एक ई-रीडर. तो हेतल नावाच्या पाहुणीचा. ती मुंबईहून सुट्टीला येऊन विजयाबाईंच्या मागच्या खोलीत उतरली होती आणि "बघा तरी चालतो का" म्हणून तिनं तो आपणहून दिला होता. मधे मी, कडा घासलेला, चार्जिंगची पिनसुद्धा जुनी, घरात दुसऱ्या कशाला न लागणारी.

पहिला मान मोठ्याला मिळाला. अक्षर पपईएवढं. विजयाबाईंचा चेहरा उजळला आणि माझा उतरला. पण थोड्या वेळात त्यांचं मनगट लटपटायला लागलं. एका हातात तो धरवेना, मांडीवर ठेवला तर मांडीवर पानं. शिवाय त्याच्या चकचकीत काचेत वरच्या झावळ्या हलताना दिसत. "मी गोष्ट वाचू की नारळ मोजू?" विजयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो खाली ठेवला.

मग ई-रीडर. खरं बोलायचं तर वाचायला त्याच्याइतका चांगला आमच्यात कोणी नाही. हलका, शांत, उन्हात कागदासारखा स्वच्छ, आणि एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालणारा. मला त्याचा इतका हेवा वाटला की माझी बॅटरी दोन टक्के तरी नुसत्या जळफळाटात गेली असेल. पण त्याची एक सवय होती. पान उलटताना तो क्षणभर सगळा काळा व्हायचा आणि मग नवं पान यायचं. तुम्हाला आम्हाला त्याचं काय? विजयाबाई मात्र पहिल्याच पानाला दचकल्या. त्यांना वाटलं, उरलीसुरली नजरही गेली. दुसऱ्या पानाला पुन्हा तेच. तिसऱ्या पानाला त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "चांगला आहे गं तुझा," त्या हेतलला म्हणाल्या, "पण पानागणिक माझा जीव जातो."

उरलो मी. कुशलनं माझं पान काळं केलं आणि अक्षरं पांढरी, खूप मोठी. एका वेळी चारच ओळी मावत होत्या. विजयाबाईंनी मला डाव्या हातात घेतलं, जरा तिरकं धरलं, म्हणजे मधला डाग बाजूला सरेल. उजव्या हातात एक खायचं पान तसंच होतं. आणि त्यांनी वाचलं, "नदीवरचं बर्फ पायाखाली करकरलं."

पारूच्या हातातली पानं खाली पडली. नवसी नुसती पुढे सरकली. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून कोणीतरी मला पहिल्यांदाच एका जागी धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी वाचन सुरू झालं. मला सुरुवातीला ते फार जड गेलं. विजयाबाई एका पानावर इतक्या थांबत की मला वाटे, झोपल्या की काय! मधेच कोणी शंका काढी. नवसीला गोठलेली नदी कशी असते ते कळेना. तेव्हा मी इंटरनेटवर धावलो आणि चित्रं आणून दाखवली. माणसं नदीवरून चालताहेत, घोडागाडी चालली आहे. "आमची सूर्या नदी अशी झाली तर?" नवसी म्हणाली आणि बायका हसत सुटल्या. हे काम ई-रीडरला जमलं नसतं, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

पण त्याच दिवशी नवसीनं मला गप्प केलं.

"वयनी, ह्याच्यात समदा मिळतो ना? मंग माजा भाव कुठं हाय, ते बघ की."

विजयाबाईंनी माझ्यापुढे जिव्याचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव सावकाश उच्चारलं. मी धावलो. मला धावण्याची केवढी हौस, आणि आज तर कोणाच्या तरी भावासाठी धावायचं होतं! मी एका लग्नातल्या बँजोवाल्याला आणलं, एक किराणा दुकान आणलं, कुठल्या कुठल्या जिव्यांचे चेहरे आणले. नवसीनं प्रत्येक चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "यो नाय," ती म्हणाली. "यो पन नाय." शेवटपर्यंत बघून तिनं मला परत दिलं. "ऱ्हाऊ दे. तू पुस्तकच वाच." मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. बर्फाच्या मुलखातली मुलगी आपल्या भावापर्यंत पोचते का, हे आता मलाही कळायला हवं होतं. माझ्यात आधीच भरलेलं पुस्तक, पण मला पुढचं पान आपणहून वाचता येत नाही. कोणी वाचलं तरच मला कळतं.

होळी जवळ आली. ऊन तापायला लागलं. पुस्तकाची पानं थोडीच राहिली होती, म्हणून विजयाबाई सकाळीही वाचत, दुपारीही वाचत, आणि माझी बॅटरी पुरेना म्हणून वायर लावून वाचत. एका दुपारी ऊन पडवीत आत आलं आणि मी चांगलाच तापलो. वाचन संपलं तेव्हा विजयाबाईंनी माझ्या पाठीला हात लावला.

"अगंबाई! हा तर फणफणलाय."

आता पानवाडीतल्या बाईला उन्हानं तापलेल्या नाजूक वस्तूचं काय करायचं ते शिकवावं लागत नाही. जन्मभर त्यांनी तेच केलेलं. त्यांनी वायर काढली. एक फडकं पाण्यात बुडवून हलकं पिळलं. मला त्यात अगदी हळुवार गुंडाळलं, वरून केळीचं पान लपेटलं, आणि करंडीत, सावलीला ठेवून दिलं. वर हातही फिरवला. "पड जरा गारव्याला," म्हणाल्या.

इतक्या मायेनं मला कोणी कधी ठेवलं नव्हतं. आणि पाणी माझ्या पिनेच्या भोकातून हळूहळू आत शिरत होतं. मी ओरडलो असतो, पण माझा आवाज बंद केलेला होता.

संध्याकाळी मी उघडलोच नाही. विजयाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी लगेच कुशलला फोन लावला. "पानं जगवते तसं केलं रे मी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. नवसीचा टेम्पो परवा सकाळी निघणार होता. कुशल बोईसरहून धावत आला आणि मला घेऊन गेला. मोठा टॅब परत केलेला होता. हेतल केव्हाच मुंबईला गेली होती. आणि फोनवर अक्षर मोठं केलं की एका ओळीत धड दोन शब्दसुद्धा मावत नव्हते.

बोईसर स्टेशनजवळच्या धर्मेशच्या दुकानात माझी पाठ उघडली गेली.

"पानी कैसे गया?"

"गीले कपड़े में लपेटा था. मम्मी ने."

"गीले कपड़े में? क्यों भाई?"

"गरम हुआ था."

धर्मेशनं डोक्यावर हात मारून घेतला. "नया ले लो न. ये देखो, आठ इंच, हल्का, पढ़ने के लिए एक नंबर." काचेच्या कपाटात ते सगळे ओळीनं उभे होते. लखलखीत, भरलेल्या बॅटरीचे. एकानं तर माझ्याकडे बघून नाक मुरडल्यासारखं वाटलं मला. मी तिथे उघड्या पाठीनं पडलेलो. कुशल त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे आत शिरलेलं सोडून.

"हा आईच्या हाताला बसलाय," तो शेवटी मराठीतच म्हणाला. "हाच चालू करा."

धर्मेशनं मला पुसलं, गरम हवा दिली, काहीतरी खरवडलं. दुसऱ्या दिवशी माझा डोळा उघडला. "मगर बैटरी गई समझो," त्यानं बजावलं. "नई मुंबई से मंगवानी पड़ेगी, होली के बाद. तब तक जितना चले उतना चले."

मी केळव्याला पोचलो ती टेम्पोचीच सकाळ होती. कुशलनं मला आईच्या हातात दिलं आणि पाळी गाठायला तो तसाच मागे फिरला. फाटकासमोर टेम्पो उभा. आजूबाजूच्या वाड्यांतली डोंगराकडची माणसं गाठोडी, कोंबड्या, पोरं घेऊन आत बसलेली. चालक महादू हॉर्न वाजवत होता. नवसी खाली, फाटकापाशी, आपल्या गाठोड्यावर बसलेली. ती चढतच नव्हती.

"महादू, दोनच पानं राहिलीत रे," विजयाबाई म्हणाल्या.

"वयनी, उनाच्या आदी घाट चढायचा हाय."

पारूनं न बोलता एक शहाळं छाटून त्याच्या हातात दिलं. ते संपत आलं की दुसरं द्यायच्या तयारीनं ती कोयता घेऊन तिथेच उभी राहिली.

विजयाबाईंनी वाचायला सुरुवात केली. मी कोपऱ्यात बॅटरीचा आकडा पाहिला आणि हादरलो. वायर लांब पडवीत. मी नेट बंद केलं, सगळं सगळं बंद केलं, इतका शांत मी आयुष्यात राहिलो नव्हतो. ती मुलगी खाणीच्या वस्तीत पोचली. कोणीतरी टेकडीवरचं एक घर दाखवलं. ती बर्फातून चढत गेली. तिनं दार ठोठावलं. आतून पावलं वाजली. विजयाबाईंनी वाचलं, "दार उघडलं, आणि"

आणि मी विझलो.

मित्रांनो, डोळा मिटला तरी आमचे कान लगेच मिटत नाहीत. थोडा वेळ ऐकू येतं. माझं पान तर आधीपासूनच काळं होतं, फक्त पांढरी अक्षरं नाहीशी झाली होती. त्यांनी मला होतं तसंच तिरकं धरून ठेवलं. अंगठ्यानं पान उलटल्यासारखं केलं. आणि त्या वाचू लागल्या.

"आणि दारात तिचा भाऊ उभा होता. खाणीत त्याच्या हाताला लागलं होतं, म्हणून त्याला लिहिता येत नव्हतं. तो म्हणाला, ताई, बर्फ वितळलं की मी निघणारच होतो. त्यानं तिला चुलीपाशी बसवलं. तांदळाची गरम भाकरी वाढली."

महादूनं हॉर्न वाजवला नाही. आवाज कुठेही अडखळला नाही. "संपलं," विजयाबाई म्हणाल्या. नवसीचं गाठोडं टेम्पोत पडल्याचा आवाज आला, आणि टेम्पो निघून गेला. मग माझे कानही बंद झाले.

दुपारी वायर लावल्यावर विजयाबाई मला घेऊन एकट्याच बसल्या आणि त्यांनी खरं शेवटचं पान उघडलं. दारात परका माणूस होता. त्यानं त्या मुलीला आत घेतलं आणि खुंटीवरचा तिच्या भावाचा कोट काढून तिच्या हातात दिला. बस्स, एवढंच. विजयाबाईंनी मला बंद केलं आणि बराच वेळ मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. मीही कोणाला सांगणार?

होळीनंतर मला नवी बॅटरी मिळाली. पावसाळाभर मी, ओल लागू नये म्हणून, तांदळाच्या डब्यात, कोरड्या फडक्यात होतो. विजयाबाई रोज डबा उघडून बघत आणि मला वाचायला घेत, पण माझं मन त्या शेवटच्या पानाशी अडकलेलं. नवसी येईल, तेव्हा काय? तिच्या भावाचं काही कळलं असेल का?

दिवाळी झाली, भातं कापून झाली, आणि ती आली. आधी तिनं गाठोडं ठेवलं, पाणी प्याली, पानांची रास पुढ्यात ओढली. जिव्याचा पत्ता नव्हता. मग ती खाली मान घालूनच म्हणाली,

"वयनी, त्या दिशी अक्षरं गेली व्हती ना?"

विजयाबाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं. "तुला कसं कळलं?"

"मना वाचता येत नाय. पांढरा हाय का नाय, ता तर दिसतो. आन बर्फात तांदळाची भाकर कुठून आली?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"टेम्पो उभा व्हता. आन तू लय चांगला वाचत व्हतीस." तिनं राशीतलं एक पान उचललं. "पाड्यात मी समद्यांना तसाच सांगितला. आता खरा काय हाय, ता वाच."

पारू म्हणाली, "नको गं." पण नवसीनं ऐकलं नाही. विजयाबाईंनी मला हातात घेतलं, तिरकं धरलं. माझी बॅटरी भरलेली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, नसती तर बरं झालं असतं. त्यांनी वाचलं. परका माणूस, खुंटी, कोट. एकही शब्द गाळला नाही.

नवसीनं हातातलं पान पुसून राशीवर ठेवलं.

"लिवनाऱ्याला काय येवढी घाई व्हती?" ती म्हणाली. "आनखी एक थंडी थांबला असता, तर आला असता तो."

तर मित्रांनो, अशी माझी हकीकत. तुमच्याही घरात मोज्यांखाली माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. मोठ्याशी, नव्याशी तुलना करायचीच असेल तर कोणाच्या हाताला कोण बसतो ते आधी बघा. तापला तर नुसतं बाजूला ठेवा. माया पोटात असू द्या आणि फडकं कोरडं असू द्या. आणि कोणी तुमच्यापाशी बसून "पुढे काय झालं?" असं विचारत असेल, तर त्याला अर्ध्यावर सोडून क्रिकेट बघायला जाऊ नका.

आता आमच्या पडवीत नवं पुस्तक सुरू आहे. पण ते उघडण्याआधी विजयाबाई रोज एकदा माझ्यापुढे जिव्याचं पूर्ण नाव घेतात, पाड्याचं नाव घेतात, आणि मी धावतो. चेहरे आणतो. नवसी प्रत्येक चेहरा नीट बघते. "यो नाय," म्हणते, आणि मग पानं पुढ्यात ओढते. मी पुन्हा दुसऱ्या दिवसाची वाट बघतो.

आज अजून ते नाव घेतलेलं नाही. म्हणून तर मघापासून विचारतो आहे, दुपार कलायला लागली, मला कोणी हातात का घेत नाही?